वीस ग्रॅमचा गेटपास

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात फळांचा रस निघायचा. आंबा, पेरू, मोसंबी, ज्याचा हंगाम असेल त्याचे ट्रक लागायचे, आणि मी तिथं स्टोअरकीपर होतो. एका दुपारी गेटवरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "साहब, एक बुजुर्ग आये हैं सायकल पे. बोलते, दो चम्मच पावडर होना."

"कुठली पावडर?" मी विचारलं.

पलीकडं थोडी खुसपुस झाली आणि मग जो आवाज आला तो ऐकून मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

"पेक्टिनेज. लिहून घेतो का? स्पेलिंग सांगतो."

सर होते. आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं होतं. शाळा सोडून मला चौदा वर्षं झाली होती, लग्न झालं होतं, मुलगी बालवाडीत जात होती, तरी त्या आवाजासरशी माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

सर मूळचे लासूर स्टेशनकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात शिकले म्हणून सगळं विज्ञान उर्दूतून शिकले, आणि नंतर जन्मभर मराठीतून शिकवलं. वर्गात ते 'आम्ल' म्हणायचे, पण कुणाच्या हातून बाटली कलंडली की "अरे तेजाब हाय ते, तेजाब!" असं ओरडायचे. एन्झाइमला 'विकर' म्हणायचं, नाहीतर वर्गाबाहेर. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. शर्टाच्या खिशात लिटमसच्या पट्ट्या आणि एक थर्मामीटर. औरंगपुऱ्यातल्या हॉटेलात चहा आला की आधी थर्मामीटर बुडवायचे, मग प्यायचे. हॉटेलवाला पुढं पुढं स्वतःच सांगायचा, "सर, आज सत्तर हाय बघा," आणि सर तरीही बुडवून बघायचे.

त्यांचं एक वाक्य आमच्या सगळ्या बॅचला पाठ आहे. "दिसलं तेच लिहायचं. दिसायला पाहिजे ते नाय."

हे वाक्य मला जरा जास्तच पाठ आहे. दहावीच्या प्रयोग परीक्षेत माझ्या परीक्षानळीच्या तळाशी साका बसला तो पिवळसर, आणि मी वहीत लिहिलं 'पांढरा', कारण पुस्तकात पांढरा होता. सरांनी नळी उजेडात धरली, वही पाहिली आणि अर्धा मार्क कापला. त्या अर्ध्या मार्कानं माझा शाळेतला पहिला नंबर गेला. वडील भांडायला गेले. सर त्यांना म्हणाले, "पोरगा हुशार हाय तुमचा. पण त्यानं नळीकडं बघितलंच नाय." चौदा वर्षं ही गोष्ट मी जो भेटेल त्याला सांगत होतो. राग होताच, खोटं कशाला बोलू.

आणि आता तेच सर आमच्या गेटवर दोन चमचे मागत उभे होते.

मी त्यांना स्टोअरमध्ये नेऊन ड्रम दाखवला. पेक्टिनेज आमच्याकडं पंचवीस किलोच्या सीलबंद ड्रममधून यायचं आणि टनांनी गर असलेल्या टाक्यांत पडायचं. सर ड्रमभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "लासूरच्या बाजारात वर्षभर येत्यात तेवढे सगळे पेरू संपतील, पण हा संपायचा नाय. मला एका बरणीपुरतं पाहिजे."

"कशाला, सर?"

"दारू गाळायला," ते म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांना हसू आवरेना.

ती वाइन त्यांची नव्हती. छावणीत राहणाऱ्या एका सिस्टरची होती. सिस्टर म्हणजे नन नव्हे, नर्स. पस्तीस वर्षं दवाखान्यात काढून निवृत्त झालेली ख्रिस्ती बाई, अंगणात पेरूचं झाड, आणि त्या पेरूंची वाइन ती दर नाताळाला घरातल्या घरात करायची. सरांची बायको शेवटचे तीन महिने दवाखान्यात होती, तेव्हा तिची वेणीफणीसुद्धा या सिस्टरनं केली होती. तेव्हापासून सरांच्या घरी दर नाताळाला एक बाटली यायची. न पिणारे सर ती बाटली कपाटात ठेवायचे आणि अधूनमधून उन्हात धरून बघायचे. दरवर्षी ती ताकासारखी गढूळ.

त्या वर्षी सिस्टरला काचबिंदू असल्याचं कळलं. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसरा चाललेला. तपासून आल्यावर ती सरांना म्हणाली होती, "सर, मला अजून काही बघायचं राहिलं नाही बाबा. बस, एक बार अपनी वाइन साफ बघायची आहे. अशी, की बाटलीतून खिडकीचे सातही गज मोजता आले पाहिजेत."

सरांनी ते मनावर घेतलं. पेरूची जेली ज्या चिकट द्रव्यामुळं जमते, तेच पेक्टिन वाइन गढूळ ठेवतं, आणि पेक्टिनेज हे विकर त्याला तोडतं, एवढं त्यांनी पुस्तकातून काढलं. मग मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना त्यांनी पोस्टकार्डं लिहायला सुरुवात केली. "कृपया पाच ग्रॅम पाठवावे." उत्तरं आली ती एकाच अर्थाची: पंचवीस किलोच्या खाली बोलू नका. एका कंपनीचा माणूस तर प्रत्यक्ष आला. स्टेशनवरून रिक्षा करून, टाय लावून, औरंगपुऱ्याच्या बोळातला जिना चढून वर आला आणि म्हणाला, प्लांट कुठं आहे? सरांनी त्याला खिडकीतली रिकामी बरणी दाखवली. त्याला पोहे खाऊ घातले आणि विकरांवर तासभर शिकवलं. जाताना त्यानं नमुना पाठवतो असं वचन दिलं आणि गेला तो गेलाच. सर म्हणाले, "माणूस चांगला होता. पण त्याला विकराची काय बी माहिती नव्हती, नुसताच विकत होता."

हे सगळं ऐकून मला वाटलं, एवढ्याशा पुडीसाठी एवढा व्याप? दुसऱ्या दिवशी सुटी होताना मी ड्रममधून चमचाभर पूड कागदात घेतली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि सरळ औरंगपुऱ्यात गेलो. पुडी सरांच्या समोर ठेवली. खरं सांगायचं तर त्यात उपकारापेक्षा ऐट जास्त होती.

सरांनी पुडीला हात लावला नाही. "गेटपास?"

"सर, चमचाभर तर आहे."

"म्हंजे चोरी चमचाभर हाय," ते म्हणाले. "परत ने. आणि ड्रममधे टाकू नको, बाहेर फिरून आलीय ती. साहेबाला सांग, आणि त्याच्या समोर फेकून दे."

"सर, नोकरी जाईल माझी."

"व्हय, जाईल कदाचित," सर म्हणाले. "मी येतो सोबत."

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. बाहेर आणताना भीती वाटली नव्हती, आत नेताना वाटली. पण सर खरंच सकाळी आठला गेटवर सायकल घेऊन हजर होते. मॅनेजरसाहेबांसमोर मी सगळं सांगितलं. साहेबांनी मला अशा शिव्या घातल्या की बाहेर टायपिस्टनं मशीन थांबवलं. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी सरांकडं बघितलं. "और आप कौन?"

"मी याचा मास्तर," सर म्हणाले. "अर्धी चूक माझ्याकडं लावा."

माझी नोकरी कशामुळं वाचली हे मला आजही नक्की सांगता येत नाही, पण या वाक्यामुळं वाचली असं मी धरून चालतो. साहेब हसले, चहा सांगितला, सरांनी थर्मामीटर काढला, आणि पुढचा तासभर ते दोघं प्रयोगशाळेत हिंडत होते. तिथल्या कपाटात प्रत्येक ड्रममधून काढलेला थोडा थोडा नमुना ठेवलेला असायचा. वर्षभर जपायचा आणि मग टाकून द्यायचा, अशी पद्धत होती.

"टाकून देता?" सरांनी विचारलं. "मग टाकायच्या दिवशी मला द्या की."

अर्ज झाला, सही झाली. ड्रमांनी माल नेणाऱ्या आमच्या त्या गेटपासच्या पुस्तकात मी माझ्या हातानं लिहिलं: 'पेक्टिनेज, वीस ग्रॅम, परत येणार नाही.' पहारेकऱ्यानं कागद दोनदा वाचला आणि बाहेर रस्त्याकडं पाहून विचारलं, "गाडी किधर है साहब?" सरांनी सायकलच्या कॅरिअरवरचा डबा दाखवला.

घरी येऊन सरांनी आधी पडताळा घेतला. पूड वर्षभराची जुनी, जिवंत आहे की नाही कोण जाणे. दोन ग्लासांत पेरूचा रस घेतला, एकात चिमूटभर पूड, दुसरा कोरा. सकाळी दोन्हींत स्पिरिट ओतलं. कोऱ्या ग्लासात पेक्टिनचे शेवयांसारखे चिकट धागे तरंगायला लागले, पूडवाल्यात काही नाही. सरांनी मला मुद्दाम बोलावून ते दाखवलं. "बघ. म्हातारी हाय, पण काम करती." ताकद निम्मी झाली होती, त्यामुळं त्यांच्या गणितानं उरलेली सगळी पूड एका खेपेला लागणार होती.

मग सिस्टरच्या घरी थंडीतल्या पेरूंचा गर शिजवून झाला. तो कोमट होईस्तोवर थांबायचं आणि मग पुडीचं पाणी घालायचं, असं सिस्टरला नीट समजावून आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी छावणीत गेलो, तर सिस्टर मोठ्या आनंदात दारातच उभी. "सर, तुमच्या पुडीचं पाणी मी आधी वीस मिनिटं खळखळ उकळलं हं! एकदम स्टराइल करून घातलं. नर्स आहे मी आखिर."

मी सरांकडं बघितलं. विकर उकळलं की मेलं, हे आम्ही आठवीत शिकलो होतो. यांनीच शिकवलं होतं. तीन महिन्यांची पोस्टकार्डं, माझी नोकरी, तो गेटपास, सगळं त्या पातेल्यात शिजलं होतं.

सर म्हणाले, "छान केलं सिस्टर."

बरणी ईस्टरपर्यंत गढूळच राहिली. सिस्टर हिरमुसली तेव्हा सरांनी तिला सांगितलं, "चूक माझी हाय. पूड जुनी निघाली. पडताळा घ्यायला पाहिजे होता मी." पडताळा घ्यायला पाहिजे होता म्हणे! बाहेर पडल्यावर मी त्यांना विचारलं, खरं का नाही सांगितलं? सर सायकलचं कुलूप काढत होते.

"पस्तीस वर्षं तिनं उकळून उकळून माणसं वाचवली," ते म्हणाले. "तिला आता मी सांगू, उकळू नको म्हणून?"

आणि मग, मी न विचारता, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांची बायको शेवटच्या आठवड्यात तापानं फणफणली होती. सिस्टरनं थर्मामीटर बघून तिला सांगितलं, "शंभर आहे वहिनी. उतरतोय." सरांनी तिच्या हातातून थर्मामीटर घेतला, उजेडात धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "एकशे तीन हाय, सिस्टर." बायकोनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"दिसलं तेच बोललो," सर म्हणाले. "त्यानंतर ती माझ्याशी फारसं बोललीच नाय."

एवढंच सांगून ते सायकलवर बसले. त्या दिवसापासून माझा राग गेला. त्या जागी काय आलं त्याला नाव द्यायचं तर मला या माणसाचा धाकयुक्त अचंबा वाटायला लागला, आणि तो आजतागायत ओसरलेला नाही.

मे महिन्यात सिस्टरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असताना तिच्या भाच्यानं घरात कूलर बसवायचं ठरवलं, कारण छावणीतल्या त्या पत्र्याच्या घरात उन्हाळा काढणं कठीण. कूलरचं तोंड आत घ्यायला खिडकीचा मधला गज कापावा लागला. भाचा करवत चालवत होता, सर गज धरून उभे होते आणि मी स्टुलाला टेकू दिला होता. पट्टी बांधून सिस्टर घरी आली तेव्हा तिला फक्त गार वारा कळला. "अय्या, कितना अच्छा लगता," म्हणाली. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: गेलेली नजर येणार नाही, आणि राहिलेली किती दिवस टिकेल ते सांगता येणार नाही.

पावसाळ्यात पेरूला पुन्हा फळं आली. पुढचा नमुना टाकून द्यायची तारीख मात्र जानेवारीत होती. मी सरांना म्हटलं, "सर, सिस्टरचे डोळे जानेवारीपर्यंत थांबायचे नाहीत." मी चिडूनच बोललो. दुसऱ्या दिवशी सर मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर उभे होते, बसा म्हटलं तरी उभेच.

"नियमात बसत नाय," ते म्हणाले. "तरी मागायला आलोय."

माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात कुणाकडं मागितलेली ती पहिली सवलत. साहेबांनी नव्या ड्रममधून वीस ग्रॅम मोजून दिली. गेटपास सरांनी आठवणीनं मागून घेतला.

या वेळी पुडीचं पाणी घालायला सर स्वतः बसले. "मला हौस हाय," असं त्यांनी सिस्टरला सांगितलं. गरात थर्मामीटर बुडवून पारा उतरायची वाट बघत ते दोन तास चुलीशी बसून होते, आणि सिस्टर त्यांना चहा देत होती.

आठवडाभरात बरणीच्या तळाशी गाळ बसला. नंतर दर पंधरवड्याला सर छावणीत जाऊन नळीनं वरचं वरचं उपसून दुसऱ्या बरणीत घेत. नाताळाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एक बाटली भरली आणि तिच्यामागं वर्तमानपत्र धरलं. मी या बाजूनं बातमी वाचली. छोट्या अक्षरातलीसुद्धा वाचली. वितळलेल्या साजूक तुपासारखा रंग, आणि काही म्हणजे काही तरंगत नव्हतं. सरांनी बाटली धोतराच्या फडक्यात दोनदा गुंडाळली.

नाताळाच्या दुपारी आम्ही गेलो. भाच्यानं दिवाळीनंतर कूलर काढून ठेवला होता. खिडकी मोकळी होती, तिच्यातून ऊन आत आलं होतं आणि मधला गज नव्हता. सिस्टर नव्या साडीत खुर्चीवर बसली होती. आम्ही आलो तेव्हा तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली, आमच्याकडं नाही. ते माझ्या लक्षात आलं. सरांच्याही आलंच असणार.

सरांनी खुर्ची खिडकीसमोर वळवली आणि बाटली तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"सिस्टर, साफ झाली. बघा."

सिस्टर पुढं वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "सर! दिसतात की हो गज!" आणि बोट उचलून ती मोजायला लागली. "एक, दोन, तीन..." चौथ्याला तिचं बोट मधल्या मोकळ्या जागेवर गेलं, तिथं जरासं थांबलं आणि पुढं सरकलं. "चार... पाच, सहा, सात. सातच्या सात!"

मी सरांकडं बघितलं. ते खिडकीकडं बघत होते. या माणसानं मरणाऱ्या बायकोसमोर पारा खरा सांगितला होता.

"बरोबर," सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तसं, खणखणीत. "सात. अगदी बरोबर, सिस्टर."

मग तिनं स्वतः चाचपडत औषधाच्या तीन इवल्या ग्लासांत वाइन ओतली. तिनं घेतली, मी घेतली. सरांनी ग्लास नाकाशी नेला, वास घेतला, आणि "लई छान झालीय" असं म्हणून परत ठेवला. ती मात्र बाटली मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत उन्हाकडं धरून बसली होती, असं भाचा नंतर सांगत होता.

आम्ही सायकली हातात धरून निघालो. छावणीच्या नाक्यावर थांबून सरांनी विचारलं, "का रे, तुझा तो साका. पिवळसर होता ना?"

"हो सर."

"आणि तू पांढरा लिहिला."

"हो."

त्यांनी पेडलवर पाय ठेवला, पण बसले नाहीत. "तो अर्धा मार्क द्यायला पाहिजे होता मी."

चौदा-पंधरा वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो.

"नाही सर," मी म्हणालो. "पिवळसरच होता तो. मी नळीकडं बघितलंच नव्हतं."